ब्रिटनीच्या वाटांवरचे दगडी क्रूस : सहा दिवसांची टिपणे

गेली अनेक वर्षे मी गावोगावच्या वेशींवर, देवळांच्या आवारांत आणि शेतांच्या बांधांवर उभ्या असलेल्या वीरगळांची आणि सतीशिळांची टिपणे करीत आले आहे. फ्रान्समध्ये रेन शहरात शिकणाऱ्या माझ्या भाच्याला माझा हा छंद ठाऊक असल्यामुळे त्याने मागच्या वर्षी मला एक छायाचित्र पाठवले. मक्याच्या शेताच्या कोपऱ्यात एक दगडी क्रूस उभा होता. त्याचे जोते करड्या खरबरीत दगडाचे, मधला दांडा वेगळ्याच रंगाचा आणि वरची मूर्ती जवळपास काळी. "मावशी, हे तीन दगड एका काळातले वाटत नाहीत," एवढेच त्याने खाली लिहिले होते. त्या एका वाक्यामुळे मी सप्टेंबरच्या अखेरीस त्याच्याकडे गेले आणि आम्ही दोघांनी सहा दिवस ब्रिटनी या वायव्य फ्रान्समधल्या प्रांताच्या पश्चिम भागात, मुख्यतः फिनिस्तेर या जिल्ह्यात, क्रूस पाहत घालवले.

फिनिस्तेर या नावाचा अर्थच भूमीचा शेवट असा आहे. फ्रान्सचा हा पश्चिमेचा हात अटलांटिक महासागरात शिरला आहे आणि तेथील जुनी भाषा फ्रेंच नसून ब्रेटन आहे. ब्रेटनमध्ये क्रूसाला 'क्रोआझ' म्हणतात आणि रस्त्याला 'हेंत'. 'क्रोआझ-हेंत' म्हणजे जिथे रस्ते एकमेकांना छेदतात तो चव्हाटा. आपला 'क्रूस' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि ब्रेटन शब्द थेट लॅटिनच्या वळणाने, पण मूळ एकच असल्यामुळे पहिल्याच दिवशी गावांच्या पाट्या वाचताना तो शब्द मला परका वाटला नाही. या एका जिल्ह्यातल्या क्रूसांची सूची इव्ह-पास्काल कास्तेल या धर्मगुरू आणि संशोधकाने १९८० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात सुमारे तीन हजार नोंदी झाल्या. आम्ही सहा दिवसांत त्यांतले जेमतेम साठ-सत्तर पाहिले असतील.

पहिला दिवस : त्रोनोएन

रेनहून सकाळी लवकर निघून आम्ही कँपेर या शहरापर्यंत आलो आणि तेथून नैर्ऋत्येला वळलो. समुद्र जवळ येऊ लागला तशी झाडे खुजी होत गेली आणि शेवटी ओदिएर्नच्या उपसागराकाठी, वाळूच्या टेकड्यांमागच्या सपाट रानात, एक चॅपेल, म्हणजे लहान प्रार्थनामंदिर, आणि तिच्या अंगणात एक दगडी चौथरा एवढेच उरले. त्रोनोएनची ही कॅल्व्हरी १४५० ते १४७० या काळातली मानली जाते आणि ब्रिटनीतल्या मोठ्या कॅल्व्हरींमध्ये ती सर्वात जुनी आहे.

कॅल्व्हरी म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे. येशूला जिथे क्रूसावर चढवले त्या टेकडीला मराठी बायबलमध्ये 'गुलगुथा, म्हणजे कवटीची जागा' म्हटले आहे. त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. वाटेवरच्या साध्या क्रूसावर बहुधा एकटा येशू असतो, फार तर दोन्ही बाजूंना मरिया आणि योहान असतात. मोठ्या कॅल्व्हरीत मात्र येशूबरोबर क्रूसावर चढवलेल्या दोन्ही चोरांचे क्रूस, घोडेस्वार, रडणाऱ्या स्त्रिया आणि खालच्या चौथऱ्याभोवती येशूच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची दृश्ये ओळीने कोरलेली असतात. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला धर्मगुरू तिच्याभोवती फिरवून, काठीने एकेक दृश्य दाखवीत कथा सांगत असे.

त्रोनोएनचा बराचसा दगड खरबरीत कणांचा ग्रॅनाइट आहे आणि समुद्रावरून येणारा खारा वारा त्याच्यावर पाच शतके आदळत आला आहे. त्यामुळे नाके, बोटे आणि वस्त्रांच्या चुण्या पुसट झाल्या आहेत. काही चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी फक्त दोन सावल्या उरल्या आहेत. सगळ्या मूर्तींवर दगडफुलाचे पांढरे, राखी आणि नारिंगी थर चढले आहेत. आपण मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीची ही वाढ आहे हे भाच्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ एका देवदूताच्या पंखावरचा थर निरखत राहिला. माझे लक्ष मात्र जन्मदृश्याकडे गेले. मरिया बिछान्यावर पहुडली आहे, तिचे स्तन उघडे आहेत, शेजारी योसेफ बसल्या जागी पेंगतो आहे आणि बाळ तान्हे नसून चांगले उभे राहण्याएवढे मोठे दाखवले आहे. बाळंतिणीचा थकवा आणि नवऱ्याची जागरणाची झोप ज्या पाथरवटाने इतक्या सरळपणे दगडात आणली, त्याने ती कुठल्या तरी घरात पाहिलीच असणार असे मला वाटले.

आम्ही तेथे चार तास होतो. पहिली फेरी कथा ओळखण्यात गेली आणि दुसरी मोजमापात. तिसऱ्या फेरीत सूर्य खाली आल्यामुळे तिरपा प्रकाश पडला आणि दुपारी सपाट वाटलेल्या कोरीवकामात एकाएकी खोली आली. ज्यांना हे शिल्प पाहायचे असेल त्यांनी सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या आधी यावे; भर दुपारच्या उजेडात येथे निम्मेही दिसत नाही.

दुसरा दिवस : किलिनेन आणि तिठ्यांवरचे क्रूस

हा दिवस आम्ही ठरवून लहान रस्त्यांसाठी ठेवला होता. कँपेरच्या उत्तरेकडे रस्ते झाडांच्या दाट कुंपणांमधून खाली-वर जातात. कित्येक जुन्या वाटा तर शतकानुशतकांच्या गाड्यांनी आणि पावसाने एवढ्या खोल गेल्या आहेत की दोन्ही बाजूंचे बांध डोक्याच्या वर येतात. अशा वाटेने चालणाऱ्याला पुढचे काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच जिथे दोन वाटा मिळतात आणि आभाळ मोकळे होते तिथे उभा असलेला क्रूस त्याला लांबून दिसत असे. गाडीतून जाताना ही गोष्ट कळत नाही. आम्ही गाडी एका शेताच्या फाटकाशी ठेवून पाच-सहा किलोमीटर पायी गेलो आणि मग या क्रूसांची उंची, त्यांच्या जागा आणि त्यांच्यातले अंतर मला उमगू लागले.

त्यांची घडण बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. खाली दोन-तीन पायऱ्या, त्यांवर चौकोनी जोते, जोत्याच्या खाचेत बसवलेला उंच दांडा, दांड्याच्या डोक्यावर एक घडीव गाठ आणि तिच्यावर क्रूस. जरा अधिक खर्च केलेला असेल तर दांड्याला मध्येच एक आडवा हात काढलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांवर मूर्ती उभ्या असतात. या मूर्ती पुष्कळदा जोडीच्या असतात: एकाच दगडातून, पाठीला पाठ लावून, एका बाजूला मरिया आणि दुसऱ्या बाजूला एखादा संत. पुस्तकांत वाचलेली ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्यावर मला तिच्यामागे वाटेवरच्या माणसाचा विचार दिसला. चव्हाट्यावर माणूस कुठल्याही दिशेने येऊ शकतो, आणि त्याला कोणाची तरी पाठ दिसू नये एवढी काळजी त्या कारागिराने घेतली आहे.

काही दांड्यांवर छाटलेल्या फांद्यांच्या खुंटांसारखे गोल फुगवटे आहेत. गावात त्यांना प्लेगच्या गाठी म्हणतात आणि अशा क्रूसांना प्लेगचे क्रूस. हे फुगवटे म्हणजे जीवनवृक्षाच्या छाटलेल्या फांद्या असाव्यात असेही एक मत आहे आणि मला ते पटते. परंतु ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांनी त्या दगडात गाठी पाहिल्या, हेही त्या दगडाच्या इतिहासातच धरले पाहिजे. १८९६ च्या प्लेगच्या काळात मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांनी गल्ल्यांच्या तोंडाशी उभारलेले क्रूस मी पाहिले आहेत. तेथे दगडात गाठी नाहीत, पण उभारण्यामागची भीती आणि विनवणी हीच होती.

जोत्यांवरची अक्षरे वाचण्यात आमचा सर्वात जास्त वेळ गेला. दात्याचे नाव, 'याने हा क्रूस करविला' या अर्थाचे दोन फ्रेंच शब्द, वर्ष आणि पुष्कळदा उलटे कोरलेले एखादे अक्षर, असा साधारण मजकूर असतो. नावाशेजारी प्याला कोरलेला असेल तर तो दाता धर्मगुरू होता असे समजावे. क्रूस उभारण्याची कारणे अनेक होती: नवस, प्रायश्चित्त, अपघाती मृत्यूची आठवण, धर्मोपदेशकांच्या मोहिमेची सांगता, पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या भागाची, हद्द. अंत्ययात्रा शेतावरच्या घरातून निघून चर्चकडे जाताना वाटेतल्या क्रूसापाशी थांबत असे आणि तिथे प्रार्थना होत असे. दिवसभराच्या कामानंतर आम्हाला मुक्कामाला ठेवणाऱ्या वृद्ध बाईंनी सांगितले की त्यांच्या आजोबांना नेताना गाडी तीन वेळा थांबली होती आणि त्या तिन्ही जागा त्यांना अजून दाखवता येतील.

दुपारनंतर किलिनेनला पोहोचलो. मुख्य रस्त्यापासून जवळच, पण झाडीत लपलेल्या चॅपेलपाशी ही कॅल्व्हरी १५५० च्या सुमारास उभी राहिली. तिचे जोते त्रिकोणी आहे. एकावर एक असे दोन त्रिकोण रचून त्यांच्या टोकांवर आणि कडांवर मूर्ती उभ्या केल्या आहेत. खालच्या मूर्ती बसक्या आणि भरदार, वरच्या अधिकाधिक सडपातळ होत गेलेल्या, आणि दोन्ही चोरांचे क्रूस येशूच्या क्रूसाला अगदी खेटून, असा तो सगळा समूह ज्योतीसारखा वर निमुळता होतो. मागच्या बाजूला पुनरुत्थित येशू आहे. मोठ्या कॅल्व्हरींची ख्याती तिच्या वाट्याला आलेली नाही. तरी सहा दिवसांत पाहिलेल्या सगळ्या रचनांमध्ये निव्वळ घडणीच्या दृष्टीने मी तिला पहिले स्थान देईन.

तिसरा दिवस : लोक्रोनाँ

लोक्रोनाँ हे गाव एके काळी जहाजांच्या शिडांसाठी लागणारे हेंपच्या (भांगेच्या झाडाच्या) धाग्याचे जाड कापड विणून श्रीमंत झाले. त्या काळातली त्याची ग्रॅनाइटची घरे आजही चौकाभोवती उभी आहेत. पर्यटक त्या घरांसाठी येतात. आम्ही आलो होतो एका प्रदक्षिणेसाठी. संत रोनाँ हा आयर्लंडहून आलेला तपस्वी येथल्या रानात राहत होता आणि आपल्या भूमीभोवती तो अनवाणी फेरी घालीत असे, अशी श्रद्धा आहे. त्या फेरीच्या मार्गाने दर सहा वर्षांनी जुलैमध्ये बारा किलोमीटरांची मोठी त्रोमेनी निघते. मधल्या वर्षांत लहान फेरी असते. 'त्रो मिनिही' म्हणजे अभयस्थानाभोवतीची फेरी. वाटेत बारा मुक्काम आहेत. त्या दिवसांपुरत्या फांद्यांच्या झोपड्या उभारून गावोगावचे संत त्यांत आणून बसवले जातात, आणि एरवी बंद असलेल्या शेतांमधून वाट उघडली जाते.

आम्ही गेलो तेव्हा वाट उघडी नसल्यामुळे सार्वजनिक रस्त्यावरचा भागच चालता आला. तरीही क्रूसापासून क्रूसापर्यंत चालताना त्यांचे प्रयोजन जितके स्पष्ट झाले तितके आदल्या दिवशी झाले नव्हते. येथे क्रूस हा वाटेचा टप्पा आहे. तिथे थांबायचे, म्हणायचे ते म्हणायचे आणि पुढे निघायचे. आषाढीच्या वाटेवरचे विसावे ज्याने पाहिले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

या वाटेवरच्या एका क्रूसाची कथा वेगळी आहे. केबेन नावाच्या स्त्रीने रोनाँवर लांडग्याचे रूप घेऊन आपली मुलगी खाल्ल्याचा आळ घेतला होता. संताच्या मृत्यूनंतर त्याचा देह बैलांच्या गाडीतून जात असताना ती कपडे धूत होती. तिने हातातल्या धोपटण्याने एका बैलाच्या शिंगावर प्रहार केला आणि पुढे डोंगरावर ते शिंग गळून पडले. त्या जागेला अजून 'प्लास आर होर्न', म्हणजे शिंगाची जागा म्हणतात. केबेनला मात्र धरणीने गिळले, आणि जिथे गिळले तिथे तिच्या नावाचा क्रूस आहे. फेरीतले यात्रेकरू प्रत्येक क्रूसापुढे हात जोडतात आणि या एकापुढे जोडत नाहीत, असे सांगतात. मी त्या कथेतल्या स्त्रीचा बराच विचार केला. तिला शिक्षा म्हणून जमीन दुभंगली खरी, पण लोकांनी तिची जागा विसरू दिली नाही आणि तिच्यासाठीही दगड उभा केला.

चर्चला लागून असलेल्या चॅपेलमध्ये रोनाँची पंधराव्या शतकातली समाधी आहे. वर त्याची झोपलेली मूर्ती आहे आणि ती गडद करड्या, जवळजवळ काळ्या दगडाची आहे. माझ्या भाच्याच्या छायाचित्रातला वरचा दगड हाच.

चौथा दिवस : प्लेबेन, केरसांतोनचा किनारा आणि प्लुगास्तेल

सकाळी पावसातच प्लेबेनला पोहोचलो. येथली कॅल्व्हरी म्हणजे चार दिशांना कमानी असलेला एक भव्य दरवाजाच आहे आणि त्याच्या माथ्यावर क्रूस उभे आहेत. ती एकसंध दिसते, पण तशी ती नाही. तिचे जुने भाग १५५५ च्या सुमाराचे. शेवटचे भोजन आणि शिष्यांचे पाय धुण्याचे दृश्य ही ब्रेस्तच्या झ्युलियाँ ओझान या शिल्पकाराने १६५० मध्ये घातलेली भर. आणि आजच्या जागी, आजच्या चौथऱ्यावर तिची मांडणी झाली १७३८ मध्ये. म्हणजे आपण एका नजरेत पाहतो ते जवळपास दोनशे वर्षांचे काम आहे. छत्री धरून मी ओझानच्या शिष्यांचे चेहरे पाहत राहिले. शंभर वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांपेक्षा त्यांची वस्त्रे अधिक मऊ पडली आहेत आणि हातांच्या हालचाली अधिक मोकळ्या झाल्या आहेत.

दुपारी पाऊस थांबल्यावर ब्रेस्तच्या आखाताच्या आतल्या काठाने गेलो. केरसांतोन हा दगड याच परिसरातला. लोपेरे गावातल्या एका वस्तीवरून त्याला हे नाव मिळाले आणि भरतीचे पाणी जिथवर येते त्या खाड्यांच्या काठाने त्याच्या खाणी होत्या. त्याचे महत्त्व त्याच्या कणांत आहे. ग्रॅनाइटमध्ये स्फटिक मोठे असल्यामुळे पापणी किंवा नख कोरू गेले तर कण सुटून येतो. केरसांतोन बारीक कणांचा आहे, खाणीतून ताजा काढलेला असताना छिन्नीला सहज वश होतो आणि हवेत राहून कठीण होतो. शिवाय खाणी पाण्याकाठी असल्यामुळे जड दगड होडीने दूरवर नेता येत असे. जुन्या जोत्याच्या काठाने मी बोट फिरवले तेव्हा आपल्याकडच्या मूर्तींच्या काळ्या पाषाणाची आठवण झाली: तोच थंड, दाट स्पर्श आणि चारशे वर्षांनंतरही धारदार राहिलेली कड. त्यामुळेच स्थानिक ग्रॅनाइटचे जोते आणि दांडा, आणि मूर्तीपुरता विकत आणलेला केरसांतोन, ही जोडी वाटेवर जागोजागी आढळते. छायाचित्रातल्या तीन रंगांपैकी एकाचा उलगडा असा झाला.

याच दगडात सतराव्या शतकात लांदेर्नो गावच्या रोलाँ दोरे याने काम केले. 'राजाचा शिल्पकार' असे बिरुद मिळालेल्या या माणसाच्या कार्यशाळेतून आसपासच्या कित्येक पॅरिशांसाठी क्रूस आणि मूर्ती गेल्या. एवढ्या नामवंत शिल्पकाराची कामे संग्रहालयात न जाता शेतांच्या कडेला पावसात उभी आहेत, याचे मला आधी वाईट वाटले होते; चौथ्या दिवशी वाटले नाही.

प्लुगास्तेल-दाउलासची कॅल्व्हरी संध्याकाळी पाहिली. १५९८ मध्ये या भागात प्लेग आला आणि तो ओसरल्यावर, १६०२ ते १६०४ या काळात, गावाने ही उभारली. चौथऱ्याला लोगोना गावचा पिवळसर दगड आणि मूर्तींना काळसर केरसांतोन वापरल्यामुळे सुमारे १८० आकृत्या पिवळ्या भिंतीपुढे रेखल्यासारख्या उठून दिसतात. क्रूसाच्या दांड्यावर ते गोल फुगवटे आहेत. येथे, प्लेगमधून वाचलेल्यांनी उभारलेल्या दगडावर, ते फांद्यांचे खुंट आहेत असे म्हणायला माझी जीभ धजली नाही.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये ब्रेस्तच्या लढाईत या गावावर तोफांचा मारा झाला आणि कॅल्व्हरीचे क्रूस कोसळले, मूर्तींची डोकी आणि हात तुटून विखुरले. जॉन स्किल्टन या अमेरिकन अधिकाऱ्याने कलावस्तूंच्या रक्षणाच्या कामात असताना ही पडझड पाहिली आणि युद्धानंतर आपल्या देशात निधी जमवला. त्यातून ती पुन्हा उभी राहिली. जवळून पाहिले तर मानांवरच्या आणि मनगटांवरच्या बारीक रेषा दिसतात. मी त्या मोजायला सुरुवात केली आणि तिसाव्या रेषेनंतर अंधार पडला.

पाचवा दिवस : गिमिलियो आणि सँ-तेगोनेक

उत्तरेकडचा लेओँ हा प्रदेश सोळाव्या-सतराव्या शतकांत जवसाच्या धाग्याच्या कापडावर श्रीमंत झाला. येथले कापड मोर्ले बंदरातून प्रामुख्याने इंग्लंडला जात असे आणि शेतकरी-व्यापाऱ्यांच्या घरांत आलेला पैसा गावोगावच्या चर्चच्या आवारांत ओतला जात असे. विजयकमान, अस्थिगृह, कॅल्व्हरी आणि चर्च यांना एका भिंतीने वेढलेले आवार हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य आहे, आणि शेजारच्या गावापेक्षा आपले आवार सरस असावे ही ईर्षा त्यामागे होतीच.

गिमिलियोच्या कॅल्व्हरीवर १५८१ आणि १५८८ ही वर्षे कोरली आहेत आणि सुमारे दोनशे आकृत्या आहेत. एवढी गर्दी एका चौथऱ्यावर मी कुठेच पाहिली नाही. येशूला नेणारे शिपाई रोमन नसून शिल्पकाराच्या काळातल्या फ्रेंच सैनिकांच्या पोशाखात आहेत आणि ढोल व शिंग वाजवणारे त्यांच्या पुढे चालले आहेत. शेतकऱ्याने बाजारच्या दिवशी जी माणसे पाहिली तीच येशूच्या मृत्यूला हजर होती, असे हा दगड सांगतो. एका कोपऱ्यात नरकाचा जबडा उघडा आहे आणि भुते एका तरुण स्त्रीला त्यात ओढत आहेत. ती कातेल गोलेत, म्हणजे वाया गेलेली कातेल. तिला नाचाचे एवढे वेड होते की जो बारा तास नाचेल त्यालाच वरीन असा तिचा पण होता; शेवटी सैतानच जोडीदार होऊन आला, अशी लोककथा आहे. धर्मोपदेशकांनी मुलींना धाक घालण्यासाठी ही कथा पुष्कळ वापरली. लोक्रोनाँच्या केबेनप्रमाणे येथेही शिक्षा झालेली स्त्रीच सर्वांच्या लक्षात राहिली आहे. आम्ही तेथे असताना आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारला.

सँ-तेगोनेकची कॅल्व्हरी १६१० ची, मोठ्या कॅल्व्हरींच्या मालिकेतली शेवटची. आकृत्या कमी आणि रचना उंच. खालच्या एका कोनाड्यात संत तेगोनेक उभा आहे आणि त्याच्याबरोबर गाडीला जुंपलेला लांडगा. लांडग्याने गाडीचे जनावर खाल्ल्यावर संताने त्यालाच जुंपले आणि चर्चचे दगड वाहायला लावले. येशूला छळणाऱ्यांचे चेहरे येथे विद्रूप आणि रागाने पिळवटलेले आहेत, तर येशूचा आणि स्त्रियांचा शोक अगदी स्तब्ध आहे.

परतताना आर्टिचोकच्या शेतांमधून गेलो. या वाटेवर एका तिठ्याला फक्त जोते उरले होते. वरची खाच पावसाच्या पाण्याने भरली होती आणि जोत्यावरचे नाव वाचण्याजोगे राहिले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाले, कुंपणे काढली गेली, रस्ते रुंद झाले आणि कित्येक क्रूस आपल्या जागेवरून हलवले गेले. काही चर्चच्या आवारात गेले, काही नव्या वळणावर बसवले गेले, काही नाहीसे झाले. त्याआधी फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, विशेषतः १७९४ च्या सुमारास, पुष्कळांची मोडतोड झाली होती आणि एकोणिसाव्या शतकात गावकऱ्यांनी सापडतील ते तुकडे जोडून ते उभे केले होते. म्हणजे रस्त्यावरच्या क्रूसाचे वय जोत्यावरच्या आकड्यावरून ठरवायला गेले तर बहुतेक वेळा चूक होईल. सांधा कुठे आहे, कुठल्या दगडाला कुठला दगड लावला आहे, दांडा खाचेत नेमका बसतो की चुन्याने भरून घेतला आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा इतिहास हाती लागत नाही.

सहावा दिवस : प्लुगोनवेन आणि सँत्युझेक

प्लुगोनवेन मोर्लेच्या आग्नेयेला आहे. १५५४ च्या या कॅल्व्हरीवर तिच्या कारागिरांची नावे कोरलेली आहेत: बास्तियाँ आणि आँरी प्रिजाँ. आमच्या सबंध प्रवासात घडवणाऱ्याचे नाव दगडावर वाचायला मिळाल्याचे प्रसंग फार थोडे आले, म्हणून मी त्या अक्षरांपाशी बराच वेळ उभी राहिले. चौथऱ्याच्या एका कोपऱ्यावर ब्रिटनीचा लाडका संत ईव आहे. तो व्यवसायाने न्यायाधीश आणि वकील होता आणि येथे तो श्रीमंत आणि गरीब अशा दोन पक्षकारांच्या मध्ये उभा आहे. क्रांतीत मोडलेली ही कॅल्व्हरी १८९७ मध्ये लारहाँतेक या शिल्पकाराने दुरुस्त केली. त्याने नवी बसवलेली डोकी सवयीने ओळखू येतात. भाचा एव्हाना माझ्या आधीच ती दाखवू लागला होता.

तेथून ईशान्येला किनाऱ्याकडे गेलो आणि प्लेमेर-बोदू गावाजवळ सँत्युझेकच्या शिळेपाशी आमचा प्रवास संपला. ही नवाश्मयुगातली, जवळजवळ आठ मीटर उंचीची उभी शिळा आहे. ती कशासाठी उभारली हे सांगणारे कोणी उरलेले नाही. १६७४ मध्ये, झ्युलियाँ मोनुआर या जेझुइट धर्मोपदेशकाच्या मोहिमांच्या काळात, तिच्यावर येशूच्या यातनांची चिन्हे कोरली गेली: सूर्य आणि चंद्र, कोंबडा, शिडी, पकड आणि हातोडा, चाबूक, येशूचा चेहरा उमटलेले वस्त्र, प्रार्थना करणारी स्त्री. शिळेच्या अगदी टोकाला छोटासा दगडी क्रूस बसवला गेला. मोनुआर आणि त्याच्या आधीचे उपदेशक चित्रे रंगवलेले पट घेऊन गावोगाव फिरत आणि काठीने दाखवीत शिकवीत. ही शिळा त्या पटांसारखीच वरून खाली वाचायची आहे.

शिळा पाडली नाही, तिच्यावर चढून क्रूस बसवला. मी दुर्बिणीतून वरचा सांधा पाहिला. हजारो वर्षांच्या ओबडधोबड माथ्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो क्रूस किंचित एका बाजूला कललेला दिसतो आणि दोघांवर सारखेच राखी दगडफूल पसरले आहे. शेजारच्या घरातली एक आजी कुत्र्याला घेऊन वाटेने आली, शिळेजवळ क्षणभर थांबली आणि पुढे गेली. भाच्याने वहीत उंची, दिशा आणि सांध्याची जागा लिहून घेतली, आणि मी त्याच्याखाली त्याच्या पहिल्या छायाचित्रातल्या क्रूसासाठी एक पान कोरे ठेवायला सांगितले, कारण रेनला परतताना मक्याच्या त्या शेतावरून जायचे आम्ही ठरवले होते.